नाकुलीचं नाक आणि आईचा वास

एक होती चिचुंद्री. तिला तीन पिल्लं. थोरलू, मधलू आणि नाकुली.

नाकुली सगळ्यात लहान. केवढीशी? तुमच्या अंगठ्याएवढी. डोळे तिळाएवढे. आणि नाक? नाक मात्र लांऽऽऽब! पुढे पुढे नाक, मागे मागे नाकुली.

तुम्ही रस्त्यानं जाताना काय धरता? आईचं बोट. चिचुंद्रीची पिल्लं काय धरतात? शेपटी! तीसुद्धा तोंडात! आईची शेपटी थोरलूनं धरायची. थोरलूची शेपटी मधलूनं धरायची. मधलूची शेपटी नाकुलीनं धरायची. आणि निघाली ओळ! तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

ही ओळ राहायची केतकीच्या घरात. पलंगाखाली, भिंतीतल्या भोकात. केतकी म्हणजे एक मुलगी. तुमच्याएवढीच. समुद्राजवळ तिचं गाव. घरात आई होती आणि शकूआत्या होती.

संध्याकाळी दिवे लागले की डास यायचे. गुंईंऽऽ! मग शकूआत्या काय करायची? खिडकी लावायची. खट्! दार लावायची. धाड्! घमेल्यात नारळाची केसाळ सालं पेटवायची आणि घरभर धूर करायची. भुक भुक भुक!

“माझ्या बायोला डास चावायला नकोत गो!” म्हणायची. माया हो, दुसरं काय!

पण गंमत बघा. केतकीचं नाक दिवसभर उघडं. दिवे लागले की बंद!

आई म्हणायची, “दुपारी केळं खाल्लंस ना? बघ, बाधलं.”

आत्या म्हणायची, “थांब, आणखी धूर करते. नाक कसं सुटत नाही बघू!” भुक भुक भुक!

नाक सुटतंय कसलं! आणखीच बंद. आणि बिचाऱ्या केळ्याला उगाच बोलणी.

एकदा काय झालं, दिवे लागले. खिडकी खट्! दार धाड्! धूर भुक भुक भुक! पलंगाखालची ओळ खाऊ शोधायला निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. सगळ्यात मागे नाकुली. धूर गेला तिच्या नाकात.

आ... आ... आऽऽऽक्छी!

तोंड उघडलं. शेपटी सुटली. ओळ गेली पुढे. नाकुली राहिली मागे.

“आई?”

आई दिसेना. चिचुंद्रीच्या पिल्लांना डोळ्यांनी फारसं दिसतच नाही. ती आईला नाकानं शोधतात. आईचा वास आला, की आई सापडली!

नाकुलीनं नाक वर केलं. सुंऽऽ! काही नाही. नाक खाली केलं. सुंऽऽ सुंऽऽ! काहीच नाही!

“बाझं दाक बंद!” नाकुली रडायला लागली.

(जो कुणी हे वाचतोय, त्यानं इथं आपलं नाक चिमटीत धरायचं. धरलं का? मग पुन्हा म्हणा : “बाझं दाक बंद!” हां, अस्सं!)

नाकुली आपल्या नाकाला म्हणाली, “दाकुल्या, दाकुल्या, उघड दा! बला आई हवी!”

नाक म्हणालं, “मी नाही उघडत जा! धूर गेला तर उघडेन.”

नाक उघडेना,
आईचा वास काही येईना!

आता नाकुली काय करणार? निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

घमेल्याजवळ धूर बसला होता. फुगलेला, काळा काळा. भुक भुक भुक!

“धूरकाका, धूरकाका, जा दा! बाझं दाक बंद! बला आई हवी!”

धूर म्हणाला, “मी नाही जात जा! वारा आला तर जाईन.”

धूर जाईना,
नाक उघडेना,
आईचा वास काही येईना!

आता नाकुली काय करणार? निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. मोरीच्या भोकातून बाहेर आली. अंगणात वारा होता. समुद्रावरून आलेला, खारा खारा. सूंऽऽ सूंऽऽ! माडाच्या झावळ्या हलवत बसला होता. दुसरं काम नाही!

“वारेदादा, वारेदादा, घरात चल दा! बाझं दाक बंद! बला आई हवी!”

वारा म्हणाला, “मी नाही येत जा! खिडकी उघडली तर येईन.”

वारा येईना,
धूर जाईना,
नाक उघडेना,
आईचा वास काही येईना!

आता नाकुली काय करणार? निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. जाईच्या वेलावर चढली. एकदा घसरली. पुन्हा चढली. वर खिडकी होती. दोन्ही डोळे घट्ट मिटून बसलेली.

“खिडकीताई, खिडकीताई, उघड दा! बाझं दाक बंद! बला आई हवी!”

खिडकी म्हणाली, “मी नाही उघडत जा! डास गेले तर उघडेन.”

खिडकी उघडेना,
वारा येईना,
धूर जाईना,
नाक उघडेना,
आईचा वास काही येईना!

आता नाकुली काय करणार? निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. न्हाणीच्या मागे केळी होत्या. केळीखाली डास होते. ही गर्दी! गुंईंऽऽ गुंईंऽऽ! कुणी गातंय, कुणी नाचतंय.

“डासबुवा, डासबुवा, जा दा! बाझं दाक बंद! बला आई हवी!”

डास म्हणाले, “आम्ही नाही जात जा! त्या करवंटीत पाणी आहे. गार गार, मस्त! करवंटी उलटली तर जाऊ.”

डास जाईनात,
खिडकी उघडेना,
वारा येईना,
धूर जाईना,
नाक उघडेना,
आईचा वास काही येईना!

आता नाकुली काय करणार? निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. केळीच्या बुंध्याशी करवंटी होती. नारळाची अर्धी करवंटी. पाण्यानं गच्च भरलेली. पाण्यात चांदोबा! डुगुडुगु, डुगुडुगु.

“करवंटीबाई, करवंटीबाई, उलटी हो दा! बाझं दाक बंद! बला आई हवी!”

करवंटी म्हणाली, “मी नाही उलटत जा! पाणी पिऊन जड झालेय. हलवत नाही मला. केतकीनं हात लावला तर उलटेन.”

“केतकीदंच का?”

“अगं, मी तिच्या भातुकलीतली! सकाळी तिनं माझ्यात आमटी केली. पाण्याची आमटी. सगळ्यांना वाढली. मग ती गेली जेवायला. आणि मी राहिले इथंच. रोजचंच हे!”

असं होय! भांडी कोण उचलणार मग? असू दे. तुम्हीसुद्धा विसरता कधीकधी. मला माहितीय.

तेवढ्यात तिथं बेडूक आला. टुणुक! टुणुक! नाकुलीला वाटलं, ह्याला हात आहेत. छान! हाच उलटवेल.

“बेडूकबाबा, तुब्ही उलटवता का करवंटी?”

बेडूक म्हणाला, “मी? डराँव! करवंटी उलटली की डास जाणार. डास गेले की मी काय खाणार? तुझं डोकं? डराँव!” आणि गेला निघून. टुणुक! टुणुक!

मेला आपमतलबी!

नाकुलीला आणखी रडू आलं. पण रडता रडता तिनं सगळं लक्षात ठेवलं.

करवंटी उलटेना,
डास जाईनात,
खिडकी उघडेना,
वारा येईना,
धूर जाईना,
नाक उघडेना,
आईचा वास काही येईना!

आता नाकुली काय करणार? निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. मोरीच्या भोकातून आत. पलंगाच्या पायावरून वर. घसरली. चढली. घसरली. चढली! पोचली एकदाची.

गादीवर केतकीची आई झोपली होती. आईशेजारी केतकी. पण केतकी कुठली झोपतेय! तोंड उघडं. ह्याऽऽ ह्याऽऽ! ह्या कुशीवर वळली. त्या कुशीवर वळली. उशी उलटी केली. नाक बंद ते बंदच.

“केतकीताई, केतकीताई, करवंटी उलटव दा! बाझं दाक बंद! बला आई हवी!”

केतकी म्हणाली, “बी दाही उठत जा! बाझं दाक उघडलं तर उठेद!”

अरे देवा! हिचंही नाक बंद! आता हो काय करायचं? नाक उघडलं तर केतकी उठणार. केतकी उठली तर करवंटी उलटणार. करवंटी उलटली तर... फिरून फिरून तिथंच!

केतकी उठेना,
करवंटी उलटेना,
डास जाईनात,
खिडकी उघडेना,
वारा येईना,
धूर जाईना,
नाक उघडेना,
आईचा वास काही येईना!

आता नाकुली काय करणार?

काहीच नाही. आता कुणाकडे जाणार? कुणीच उरलं नव्हतं. नाकुली उशीच्या कोपऱ्यावर बसली. शेपटी पोटाशी घेतली. आणि हळूच म्हणाली,

“आई...”

केतकीनं ऐकलं.

केतकीनं बाजूला बघितलं. तिची आई तिथंच होती. हात लावला की लागणारी. नाकुलीची आई मात्र नव्हती.

“तुझी आई हरवली?”

“हो. बला तिचा वासच येत दाही. बाझं दाक बंद.”

“बाझंपड,” केतकी म्हणाली.

नाक बंद असलं की कसं वाटतं, ते दोघींना माहीत होतं.

मग केतकी उठली.

हो, उठली! नाक उघडलं होतं का? छे! बंदच होतं. तरी उठली.

“आई, ए आई! ऊठ दा! बागे जायचंय!”

“अगं बाई, आता काय मागे?” आई झोपेतच म्हणाली. “झोप गुपचूप.”

“बाझी करवंटी राहिलीय!”

“सकाळी आणू.”

“दाही! आत्ता!”

आई कंटाळली. पण उठली. केस बांधले. विजेरी घेतली. केतकीला अंधारात एकटीला कोण सोडेल?

केतकीनं आईचं बोट धरलं. केतकीच्या झग्याची नाडी लोंबत होती. नाकुलीनं काय केलं सांगा पाहू? नाकुलीनं नाडी धरली. तोंडात! आणि निघाली ओळ! पुढे आई, मधे केतकी, मागे नाकुली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

आईला काही म्हणता काही कळलं नाही. तुम्ही सांगू नका हं.

न्हाणीच्या मागे केळी. केळीखाली करवंटी.

“ही घ्या!” आई म्हणाली. “केवढं पाणी साठलंय बघ. आणि हे डास! शकूताई तिकडे धूर करकरून दमतात आणि डासांची मजा इथं चाललीय.”

केतकीनं करवंटीला हात लावला.

भस्सकन करवंटी उलटली! पाणी सांडलं. डास म्हणाले, “गेलं आपलं पाणी! चला, चला!” गुंईंऽऽऽ! लांब लांब गेले.

डास गेले, तशी खिडकीनं डोळे उघडले. करर्र! धाड्!

खिडकी उघडली, तसा वारा आत शिरला. सूंऽऽऽ! पडदा उडाला. कॅलेंडर फडफडलं.

वारा आला, तसा धूर घाबरला. “जातो बाबा, जातो!” भुक भुक करत खिडकीतून पळाला.

शकूआत्या जागी झाली. “अगो बाई! खिडकी कुणी गो उघडली?” मग तिनं नाकानं वारा ओढला. “पण बरं वाटलं हो!” आणि कूस बदलून झोपली.

आई, केतकी आणि नाकुली घरात आल्या. वारा नाकुलीच्या लांब नाकात शिरला. थंडगार! आधी थोडी गुदगुली झाली.

आ... आ... आऽऽऽक्छी!

आणि नाकुलीचं नाक उघडलं! सुळ्ळकन!

शेजारी केतकीपण शिंकली. आऽऽऽक्छी! केतकीचंही नाक उघडलं! सुळ्ळकन!

सुंऽऽऽ! दोघींनी एकदम वास घेतला.

केतकी ओरडली, “ईऽऽऽ! शीऽऽऽ! कसला घाण वास येतोय!”

नाकुली ओरडली, “आईऽऽऽऽ!”

वास एकच बरं का!

पलंगाखाली आई होती. नाकुलीची आई! सगळं घर शोधून आली होती. तांदळाच्या डब्यामागे बघितलं. चुलीमागे बघितलं. धुरात तिलाही वास येईना. थोरलू दमला. मधलू दमला. आई दमली नव्हती.

“माझी नाकुली गं ती!” आईनं तिला चाटलं. पोट चाटलं. कान चाटले. लांऽऽब नाक तर किती वेळ चाटलं.

“आई, माझं नाक उघडलं!” नाकुली म्हणाली. बघा, आता कसं नीट म्हणाली! (आता तुमचं नाक सोडा. सोडलं?)

केतकी उठली,
करवंटी उलटली,
डास गेले,
खिडकी उघडली,
वारा आला,
धूर गेला,
नाक उघडलं,
आईचा वास आला!

आईची शेपटी थोरलूनं धरली. थोरलूची शेपटी मधलूनं धरली. मधलूची शेपटी नाकुलीनं धरली. घट्ट! ओळ गेली भोकात.

पलंगावर केतकीनं तोंड मिटलं. किती दिवसांनी! नाकानं श्वास घेतला. सुंऽऽ फूऽऽ. सुंऽऽ फूऽऽ.

“आई,” ती झोपता झोपता म्हणाली, “त्या केळ्याची काही चूक नव्हती.”

“कुठलं केळं?” आईनं विचारलं. पण केतकी झोपली होती.

दुसऱ्या दिवसापासून भातुकली संपली की केतकी करवंटी पालथी घालून ठेवते. आत्यानं घमेल्यात आता तुळशीचं रोप लावलंय. आणि रात्री कधी पलंगाखालून वास आला, तर केतकी नाक मुरडत नाही. ती ओळखते. नाकुलीची आई घरी आहे.

झाली गोष्ट. दिवा विझवा. खिडकी उघडी आहे ना? मग या इकडे. आणखी जवळ. नाक आईच्या कुशीत खुपसा आणि घ्या एक लांऽऽब वास.

आला?

हाच तो.